बाबा कामावर आहेत

हॅलो?… हॅलो?… हो, मीच. तुझी सासू. तुझ्या लांबूचा फोन वाजला, पण त्याचे हात ओले आहेत, म्हणून मी घेतला…

हो, धक्क्यावरच आहोत… मग काय खोटं सांगू? धक्क्यावर आहोत, समोर होडी आहे आणि तुझी दोन्ही मुलं रबरी सूट चढवून बाकावर बसली आहेत. चिमणीची चेन मीच वर ओढली. घाम फुटला मला…

अगं, ओरडू नकोस. तुझ्यासमोर गिऱ्हाईक उभं असेल. घाबरून दुसऱ्या औषधाच्या दुकानात जाईल…

आधी ऐक. चिमणीला या वर्षी दहा पूर्ण झाली की नाही?… झाली ना? मग झालं तर. ती दहाची होईल त्या वर्षी तिला पाण्याखाली न्यायचं, हे तिच्या बापानं ती पाळण्यात होती तेव्हाच ठरवलं होतं. तू तिथेच लंगोट घड्या घालत बसली होतीस. हसलीस. 'आधी बसायला तर शिकू दे' म्हणालीस. आठवतंय ना?… आठवतंय. मग ते याच वर्षी व्हायला हवं. पुढच्या वर्षी नाही.

नाही. माफीबिफी मी मागणार नाही… रागाव. खुशाल रागाव. पण फोन ठेवू नकोस, काम आहे तुझ्याकडे.

कशावरून कळलं तुला?… गालावर? गोल वण?… हां हां, तो मास्कचा. काचेचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो ना, त्याची कड उमटते. मला पण उमटली होती. तुला वाटलं असेल म्हातारी पातेल्यात तोंड घालून झोपली…

हो, मला पण! मी पण उतरले. तरणतलावात… नाही, समुद्रात नाही. डॉक्टरांनी मला तरणतलावापुरतीच परवानगी दिली. 'आजी, समुद्र आता होडीतूनच बघा' म्हणाले. मी म्हटलं, बघू…

फसवलं? कुणी फसवलं? मी काय सांगितलं होतं? 'रविवारी मुलांना पोहायला नेते.' नेलं की नाही? पाण्याच्या वरून पोहणार की खालून, हे तू विचारलंच नाहीस!…

हसले नाही मी. लांबू हसला… बघ ना, हसला! शेवटचं कधी ऐकलं होतंस त्याला हसताना?

काय? गिऱ्हाईक आलं?… हो, हो… बघ तू आधी त्याला. मी धरते.

चिमणे, त्या टाकीवर पाय ठेवू नकोस. घरंगळली तर बोटांचा भुगा होईल… नाही, अजून 'हो' म्हणाली नाही तुझी आई. 'नाही' पण म्हणाली नाही. बस गुपचूप. पाणी पी… लांबू, तू का नखं खातोयस? पोटभर नाश्ता केला ना?

हां, बोल. काय हवं होतं त्याला?… खोकल्याचं. दिलंस ना?… बरं.

आता एकेक विचार. मी कुठे पळून जात नाही…

खोल? एका मजल्याइतकं. आपल्या गॅलरीतून खाली अंगणात बघतेस ना, तेवढं. पहिल्या वेळेला त्याच्या खाली नेत नाहीत… एकटी नाही गं! चिमणीबरोबर बाई स्वतः, आणि लांबूबरोबर त्यांचा भाचा. तोही शिकवतोच, दहा वर्षं झाली. एकाला एक. हात धरून…

कोण बाई? शिकवणाऱ्या बाई! केस बारीक कापलेले, आवाज शिट्टीसारखा. मला पहिल्याच दिवशी दम भरला त्यांनी. मी कानातली घालून पाण्यात निघाले होते ना…

कडक? विचारू नकोस. मागच्या रविवारी चिमणीचं नाक वाहत होतं, तर पाण्याला पायसुद्धा लावू दिला नाही. ही रडली, पाय आपटले, 'फक्त सर्दीच आहे' म्हणाली. बाई म्हणाल्या, 'सर्दी असली की कान मोकळे होत नाहीत, आणि कान दुखायला लागला तर तिथे खाली आई नसते. घरी जा.' आलो मुकाट परत. तुझ्या दुकानातूनच थेंब घेतले होते की मी. तूच दिलेस…

शार्क?… अगं, शार्कला काय पडलंय आपल्या चिमणीत? हाडं आहेत नुसती. एक घास व्हायचा नाही.

बरं बरं, चेष्टा नाही करत. पण तू तरी… काय?… ऑक्सिजन संपला तर? अगं, ऑक्सिजन नसतोच त्यात. साधी हवा असते, आपण घेतो तीच, दाबून भरलेली. किती उरली ते घड्याळासारख्या काट्यावर दिसतं. खाली गेल्यावर बाई सारख्या विचारतात, किती उरली? मुलं बोटांनी सांगतात. आणि अर्ध्याच्या खाली काटा यायच्या आतच वर आणतात…

आणि एक नियम तर मलाच दहा वेळा म्हणायला लावला त्यांनी. श्वास रोखायचा नाही. काही झालं तरी रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. वर येताना तर मुळीच रोखायचा नाही, आणि आपण सोडलेल्या बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही… बघ, पाठ आहे. पुस्तकात वाचलं मी. हो, मी! साठीला बाराखडी शिकले ती काय फक्त दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला? चिमणीला अडलेलं एक पान मी वाचून दाखवलं. एका पानाला अख्खी दुपार गेली, ते जाऊ दे…

अगं, हसण्यासारखं सांगते तुला. पहिल्या दिवशी तरणतलावात बाईंनी खुणेनं विचारलं, ठीक आहे का? मी दाखवला अंगठा. त्यांनी धरलं दंडाला आणि नेलं वर. काय झालं, काही होतंय का? मी म्हटलं, काही नाही, मस्त आहे. पुन्हा खाली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा अंगठा, जोरात. पुन्हा वर! असं चार वेळा. शेवटी मी चिडले, म्हटलं, बाई, मला काही बसू देणार की नाही खाली? तर म्हणाल्या, 'आजी, पाण्यात अंगठा म्हणजे मला वर न्या. ठीक आहे म्हणायचं तर बोटांचा गोल करायचा.' आता मला काय माहीत! साठ वर्षं बँकेत, रेशनवर, सगळीकडे अंगठाच लावत आले. तोच बाहेर येतो आधी…

हसलीस ना? ऐकू आलं मला. नाही कसं? नाकातून हसलीस…

बरं, आता ऐक. चेष्टा पुरे. लांबूचं सांगते.

जरा लांब येते, थांब. या पोरांचे कान भिंतीला असतात.

हां. हा मुलगा तीन वर्षं काय बोलतो घरात? 'हो', 'नाही', 'माहीत नाही', 'जेवलो'. दार लावून घेतो. तू रात्री दाराबाहेर उभी राहतेस, मला दिसतं. पहिल्या दिवशी तरणतलावातून वर आला आणि घरापर्यंत बोलत होता. बसमध्ये, जिन्यात, चप्पल काढताना. बोलणं थांबेना. मी विचारलं, अरे, खाली एवढं काय आहे? निळ्या फरशा तर आहेत. तर काय म्हणाला सांगू?… म्हणाला, 'आजी, तिथे तोंडात नळी असते. कुणी काही विचारूच शकत नाही.'

…

आहेस ना?… हं.

काय विचारतात त्याला, तुला माहीत आहे. मला पण माहीत आहे…

नाही, आता मी बोलणार. तू म्हणालीस ना, काय काम आहे माझ्याकडे? तेच सांगतेय. तरणतलावात मी होते तेवढं पुरलं त्यांना. पण समुद्रात नेण्याआधी बाई आईवडिलांचा होकार स्वतः घेतात. आजीचा चालत नाही. मला चालेल, त्यांना चालत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून मीच तुला फोन करणार होते, तर तुझाच आला…

करणारच होते! विचार लांबूला…

ऐक ना. नुसत्या आईचा नाही. मगाशी बाईंनी चिमणीला विचारलं, 'बाबा कुठे असतात तुझे?' आणि तिनं पटकन सांगितलं… काय सांगितलं असेल?

… हो. तेच. 'बाबा कामावर आहेत.'

थांब, पुढे ऐक. बाईंनी विचारलं, काय काम करतात? ही म्हणाली, 'पाण्याखाली. बोटींचे तळ साफ करतात, पंखे दुरुस्त करतात.' आता तेही खरंच ना? करत होताच की. बाईंचा चेहरा फुलला बघ! म्हणाल्या, 'अरे वा, मग तर ते आमच्यातलेच. त्यांना फोन लावा. त्यांच्या मुलांना त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी पाण्यात नेणार नाही. कुठल्या बंदरात आहेत?'…

कुठल्या बंदरात आहे माझा मुलगा? सांग मला. काय सांगू मी त्यांना?

…

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात लांबूनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट! म्हणाला, 'आजी, नको. आईला विचार आधी.' पंधरा वर्षांचा मुलगा. त्याचा समुद्र जातोय हातचा, समोर होडी आहे, आणि तो तुझा शब्द सांभाळतोय. तुझा!…

नाही, रडू नकोस. रडायचं असेल तर आतल्या खोलीत जा, खोक्यांवर बस, पण फोन चालू ठेव… गेलीस? दार ओढून घे.

मी कधी काही बोलले का तुला? वाण्याला सांगितलंस 'कामावर आहेत'. मी गप्प. शाळेत सांगितलंस, पालकसभेला 'त्यांना सुट्टी नाही'. मी गप्प. खालच्या मजल्यावर नवीन लोक आले, त्यांना म्हणालीस 'मोठ्या जहाजावर असतात, वर्ष वर्ष येत नाहीत'. मी तिथेच जिन्यात उभी, हातात भाजीची पिशवी, गप्प. म्हटलं, नवा घाव आहे, बोलेल हळूहळू. पण तीन वर्षं झाली गं! तीन वर्षं माणूस कामावर! एवढी ड्यूटी कुणी लावतं का?…

तू मुलांना खोटं बोलायला सांगितलं नाहीस, कबूल. पण मुलं काय आंधळी आहेत? आई जे सांगते ते ती सांगतात.

काय म्हणालीस?… पाण्याचं नाव काढू नका? का नको काढू? पाण्यानं काय केलं तुझं?… नाही, सांग ना. अकरा वर्षं तो त्या काळ्या पाण्यात उतरत होता. बंदरातलं पाणी, हात समोर धरला तर दिसत नाही असं. रोज संध्याकाळी घरी येत होता. रोज! डोळे लाल, पोटात कावळे, 'आई, वाढ' म्हणत. पाण्यानं त्याला अकरा वर्षं रोज परत पाठवला. मग तू पाण्यावर का रागावतेस?

… हो. त्याच्या सुट्टीच्या दिवशी. कोरड्या रस्त्यावर. माहीत आहे मला. मी पण तिथे गेले होते त्या दिवशी, तुझ्या आधी पोचले होते. मग मी काय मुलांना रस्त्यावर चालू नका म्हणून सांगू?…

भीती वाटते. वाटणारच की! मला नाही वाटत? चिमणी पाण्याखाली गेली तरणतलावात, तर मी काठावर श्वास रोखून बसले. बाई ओरडल्या, 'आजी, तुम्ही तरी घ्या श्वास!' वाटू दे भीती. होडीत घेऊन बसू आपण तिला…

आपण म्हणजे तू पण. ये की! दुकान बंद कर, एका दिवसानं कुणी औषधावाचून राहत नाही, समोर दुसरं दुकान आहे. होडीत जागा आहे. बाई म्हणतात, घरचं माणूस होडीत असलं की मुलं वर आल्यावर कुणाकडे बघायचं ते त्यांना कळतं…

मुलांना घेऊन जायला येतेस? ये ना! त्यासाठी ये. पण धक्क्यावर येऊन बाईंना काय सांगणार? 'यांच्या बाबांनी नाही म्हटलं'? असं सांगणार?…

आले, आले! दोन मिनिटं, बाई! सुनेशीच बोलतेय!… बाई हाका मारताहेत. वारा उठला की नेत नाहीत, दुपारी समुद्र खवळतो…

मी सांगू शकते. मला जीभ आहे. माझाच मुलगा होता, तुझ्या आधी माझा होता. पण मी सांगितलं तर मुलं म्हणतील आजीनं आईला खोटं पाडलं. ते मी करणार नाही. होडी गेली तरी करणार नाही. बसेन इथेच बाकावर. आणि पुढच्या रविवारी पुन्हा आणीन मुलांना. आणि त्याच्या पुढच्या. बाई दर रविवारी विचारतील, बाबा कुठे आहेत, आणि आम्ही तिघं दर रविवारी इथे मुक्यासारखे उभे राहू. मी दमणार नाही, सांगून ठेवते. चिमणी दमेल, लांबू दमेल. तो पुन्हा दार लावून घेईल…

…

हॅलो?… आहेस?

… हो.

… हो, ऐकतेय.

काय सांगू बाईंना म्हणालीस?… नाही, 'तुम्हीच बघा काय ते' असं नाही चालायचं. तू सांग…

बाईंना फोन देऊ?… मग? त्यांच्याशी नाही बोलवत?… बरं. बरं, माझ्याशी बोल. तू मला सांग, मी त्यांना सांगते. तुझेच शब्द सांगेन, माझा एकही नाही घालणार. सासूवर एवढा तरी विश्वास आहे ना?… नाही? बरं, आज ठेव, उद्यापासून नको ठेवूस.

चल, जाते मी तिकडे. धक्क्यावरून चालतेय, फळ्या हलतात, थांब… लांबू, हात दे. नाही, फोन नको, हात दे. तुझी आई बोलतेय… हो, बोलतेय. इथे उभा राहा माझ्याजवळ. चिमणे, तू पण ये… हो, पायातलं ते बदकाचं काढ आधी, पडशील.

बाई! यांची आई आहे फोनवर! स्पीकर लावलाय… काय? ऐकू येत नाही? ते इंजिन जरा… बंद नाही करता येत? बरं, बरं. मी मोठ्यानं सांगते!

अगं, त्यांना इंजिनात ऐकू येत नाहीये. तू म्हण, मी मागून म्हणते. एकेक… घाई नाही. श्वास घे. सोड… हं.

'दोन्ही मुलांना माझा होकार आहे.' … बाई, म्हणतेय, दोन्ही मुलांना तिचा होकार आहे!

… हो, मान हलवली त्यांनी. पुढे?… 'धाकटीचा हात सोडायचा नाही.' … बाई, धाकटीचा हात सोडायचा नाही म्हणते!… नाही सोडणार म्हणाल्या. पुढे बोल.

… बाई म्हणताहेत, आणि वडिलांचा?

…

आहे मी. मी इथेच आहे. मुलं पण आहेत. दोघं माझ्याकडे बघताहेत… लांबूनं चिमणीचा हात धरलाय… नाही, रडत नाहीयेत. ऐकताहेत.

म्हण. जमेल तसं म्हण. तुटक म्हण, मी जोडते.

'यांचे बाबा'… हो… बाई! यांचे बाबा…

'माझे मिस्टर'… हो… माझे मिस्टर…

… पुढे, पोरी…

'कामावर नाहीत.' … कामावर नाहीत!

… हं… हं… सांगते.

बाई! रस्त्यावर अपघात झाला. तीन वर्षांपूर्वी, चिमणीची दुसरीची शाळा उघडली त्या सोमवारी. त्याच दिवशी सकाळी ते वारले.